सोनेतारण कर्ज: टप्प्यांचा व्याजदर घ्यावा की सरळ एकच दर?

दोन लाख रुपये हवे आहेत, तारण ठेवायला दागिने आहेत आणि समोर दोन पत्रकं आहेत. वित्तकंपनीच्या पत्रकावर ‘व्याज 10 टक्क्यांपासून’, बँकेच्या पत्रकावर ‘12 टक्के’. बहुतेक जण दहाला बारापेक्षा स्वस्त समजून पहिलं उचलतात. ते स्वस्त पडूही शकतं, पण कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे टप्पे कसे लागू होतात यावर ठरतं, आणि गैरसमज नेमका तिथेच होतो.

हिशेबासाठी दोन योजना धरू. आकडे नमुन्याचे आहेत, रचना मात्र बाजारात सर्रास दिसते तीच.

योजना अ: 30 दिवसांच्या आत व्याज भरलं तर दरसाल दरशेकडा 10. 31 ते 90 दिवसांत भरलं तर 14. 91 ते 180 मध्ये 18. त्यापुढे 22. मुदत एक वर्ष.

योजना ब: सरळ 12 टक्के, सरळव्याज, मुद्दल आणि व्याज वर्षअखेर एकदम. मध्येच फेडलं तर जितके दिवस तितकं व्याज.

टप्पा पूर्ण रकमेला लागतो, पहिल्या दिवसापासून

स्लॅब म्हटलं की आपल्याला घरचं वीजबिल आठवतं. तिथे 101व्या युनिटपासून दर वाढतो, पण पहिल्या शंभर युनिटांचा दर तोच राहतो. योजना अ वाचताना कर्जदार हेच गृहीत धरतो: पहिले 30 दिवस दहाने, पुढचे 60 चौदाने, त्यापुढचे 90 अठराने. या समजुतीने 200 दिवसांचं व्याज 17,534 रुपये येतं. शाखेत मागतात 24,110. कारण 180वा दिवस उलटला की सगळ्या 200 दिवसांना 22 टक्के लागतात, मागचे स्वस्त टप्पे पुसले जातात.

याला फसवणूक म्हणून भांडायला जाल तर करारनामा पुढे केला जाईल. अशा योजनांच्या करारात मूळ दर बहुधा सर्वांत वरचाच, म्हणजे आपल्या उदाहरणात 22, लिहिलेला असतो. खालचे सगळे दर ही ‘वेळेत भरल्याबद्दलची सूट’ असते, म्हणजेच रिबेट. सूट गेली की मूळ दर उरतो. म्हणूनच कंपनीच्या लेखी हा दंड नाही. दंड वेगळाच असतो. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. तेव्हा हिशेबाच्या कागदावर व्याज आणि दंड या दोन वेगळ्या ओळी दिसायला हव्यात.

वीजबिलासारख्या रचनाही असतात, ज्यात वाढीव दर फक्त पुढच्या दिवसांना लागतो. पत्रकावरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून काउंटरवर ‘दर काय’ हे विचारून उपयोग नाही. विचारायचं ते असं: ‘दोन लाख घेतले आणि मध्ये एक रुपयाही भरला नाही, तर 91व्या दिवशी सोडवायला एकूण किती द्यावे लागतील? 181व्या दिवशी किती?’ उत्तर रुपयांत घ्या आणि कागदावर लिहून घ्या.

मध्ये काहीही न भरता त्या-त्या दिवशी कर्ज सोडवलं, तर दोन लाखांवरचं व्याज असं पडतं:

| दिवस | योजना अ | योजना ब |
|---|---|---|
| 30 | 1,644 | 1,973 |
| 31 | 2,378 | 2,038 |
| 90 | 6,904 | 5,918 |
| 91 | 8,975 | 5,984 |
| 180 | 17,753 | 11,836 |
| 181 | 21,819 | 11,901 |
| 365 | 44,000 | 24,000 |

शेजारशेजारच्या ओळी पाहा. 90व्या आणि 91व्या दिवसात योजना ब मध्ये 66 रुपयांचा फरक आहे, अ मध्ये 2,071 चा. 180 आणि 181 मध्ये अ चा फरक 4,066. रविवारची सुट्टी किंवा अडकलेलं ऑनलाइन पेमेंट यांची किंमत एवढी असू शकते.

दर महिन्याच्या त्याच तारखेला भरणाऱ्यांचं काय?

शिस्तीचे कर्जदारही इथे सापडतात. कर्ज 5 जानेवारीला घेतलं, तर साहजिकच दर महिन्याच्या 5 तारखेला व्याज भरायचं ठरवतो. पण 5 जानेवारी ते 5 फेब्रुवारी हे 31 दिवस झाले, म्हणजे 30 दिवसांचा टप्पा ओलांडला. वर्षात असे 31 दिवसांचे महिने सात. तुमच्या योजनेत महिना न धरता दिवस मोजत असतील, तर वर्षातले 217 दिवस 14 टक्क्यांनी आणि उरलेले 148 दिवस 10 टक्क्यांनी जातात. वर्षाचं व्याज 24,756. एकही महिना न चुकवता, नेमाने पैसे भरून, 12 टक्केवाल्यापेक्षा 756 रुपये जास्त!

काही ठिकाणी कर्ज दिल्याचा दिवसही मोजणीत धरतात. मग 30 दिवसांचे महिनेही हातचे जातात आणि वाचतो तो एकटा फेब्रुवारी. उपाय साधा आहे: तारीख न धरता मोबाइलमध्ये दर 27 दिवसांनी गजर लावायचा. व्याज भरलं की दिवसांची मोजणी त्या दिवसापासून नव्याने सुरू होते का, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच योजनांत होते, पण त्या दिवसापर्यंतचं व्याज पूर्ण भरलं तरच. व्याज 1,644 झालं असताना 1,600 भरले, तर 44 रुपयांपायी जुनीच मोजणी चालू राहू शकते. गोल आकडा भरण्याची सवय इथे मोडा. भरायचीच असेल तर रक्कम वरच्या अंगाने गोल करा, जास्तीचे पैसे मुद्दलात जातील.

अ कधी परवडते

दर 30 दिवसांच्या आत व्याज भरणाऱ्याला अ मध्ये वर्षाला 20,000 पडतात, ब मध्ये 24,000. बचत चार हजारांची. पैसे दर महिन्याला हातातून जातात आणि ब मध्ये वर्षअखेर, तेवढा फायदा ब च्या पारड्यात टाकला तरी अ पुढे राहते.

आता एकदाच चूक झाली असं धरा. लग्नसराई, दवाखाना, काहीही असो, एकदा व्याज भरायला 91 दिवस लागले. त्या 91 दिवसांचे 18 टक्क्यांनी 8,975. वर्षाचे उरलेले 274 दिवस अगदी काटेकोर भरले, दहा टक्क्यांनी 15,014. बेरीज 23,989. ब पेक्षा 11 रुपये कमी. वर्षभराची शिस्त एका चुकीने खाऊन टाकली. चूक 60 दिवसांपुरतीच असेल तर चार महिन्यांची बचत जाते, ते सोसण्यासारखं आहे. या आकड्यांत खरी रेषा 90 दिवसांची आहे, 30 ची नव्हे. तुमच्या पत्रकावर ती दुसरीकडे कुठे असेल, पण दर जिथे तुलनेच्या दरापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी वर उडी मारतो तो दिवस शोधून काढा. तोच सांभाळायचा.

म्हणून पगारदार, दुकानदार, ज्याच्या खात्यात दर महिन्याला काही ना काही जमा होतं आणि जो खात्यातून आपोआप वळतं करायची सोय लावू शकतो, त्याने अ घ्यायला हरकत नाही. थोड्या दिवसांची नड असेल, महिनाभरात पैसे येणार हे नक्की असेल, तर अ उत्तमच.

ज्याचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो त्याने अ च्या वाटेला जाऊ नये. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबरनंतर, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. कायद्याने उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, 14 दिवसांत द्यायची असते, पण त्या भरवशावर 90 दिवसांची रेषा आखणं धाडसाचं आहे. शेतकऱ्याने आधी बँकेकडे शेतीसाठीचं सोनेतारण विचारावं. सातबारा आणि 8अ द्यावा लागतो, पण दर बहुधा बिगरशेती सोनेतारणापेक्षा कमी असतो. बिनव्याजी पीक कर्जाचा अनुभव ज्याला आहे त्याला अ ची रचना नवी वाटायला नको. तीन लाखांपर्यंतचं शून्य टक्के हे मुदतीत फेडणाऱ्यापुरतंच असतं. मुदत हुकली की वेळेवर फेडीबद्दलचं केंद्राचं प्रोत्साहन जातं, राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलतही जाते, आणि शून्याचे सहा-सात टक्के होतात.

रकमेचे टप्पे: इथेही कडेलोट

दिवसांसारखेच रकमेचे टप्पे असतात. दागिन्यांच्या किमतीच्या निम्मंच कर्ज घेतलं तर दर कमी, जास्त प्रतिग्रॅम रक्कम घेतली तर दर जास्त. हाही दर पूर्ण रकमेला लागतो. समजा दोन लाखांना 10 टक्के आणि 2,60,000 घेतले तर 12. ‘दोनच टक्के जास्त’ असं वाटतं. वर्षाचं व्याज मात्र 20,000 वरून 31,200 होतं. म्हणजे वरच्या साठ हजारांसाठी तुम्ही 11,200 मोजले, साडेअठरा टक्क्यांहून जास्त. गरज दोन लाखांची असताना ‘एवढ्या सोन्यावर अजून साठ हजार मिळतील’ हे ऐकून मोहात पडायचं नाही ते यासाठी.

कर्ज किती मिळेल यालाही टप्पे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या निर्देशांनुसार (अंमलबजावणीची शेवटची तारीख 1 एप्रिल 2026) घरगुती खर्चासाठीच्या कर्जात अडीच लाखांपर्यंत दागिन्यांच्या किमतीच्या 85 टक्के, अडीच ते पाच लाखांत 80 टक्के, पाच लाखांवर 75 टक्के अशी कमाल मर्यादा आहे. किंमत फक्त सोन्याची, खडे आणि मजुरी धरत नाहीत. इथेही टक्केवारी पूर्ण कर्जाला लागते. त्यामुळे दागिन्यांची किंमत 2,94,118 असो वा 3,12,500, कर्ज अडीच लाखांवरच अडकतं. या पट्ट्यात असाल तर एखादी अंगठी घरीच ठेवा, ती तारण ठेवून एक रुपयाही जास्त मिळणार नाही.

व्याज आणि मुद्दल दोन्ही मुदतीअखेर द्यायचं असेल, तर ही मर्यादा मुदतीअखेर देय होणाऱ्या एकूण रकमेला लावतात. 2,94,000 किमतीचे दागिने, 85 टक्के म्हणजे 2,49,900. त्यात वर्षाचं 12 टक्के व्याज बसवायचं तर हातात मुद्दल 2,23,125 च येईल. ब घेणाऱ्याला अपेक्षेपेक्षा कमी रक्कम का मिळाली, त्याचं उत्तर बरेचदा हे असतं. अशा घरगुती खर्चाच्या कर्जाची मुदतही 12 महिन्यांपलीकडे नेता येत नाही, आणि नूतनीकरण करायचं तर साचलेलं व्याज आधी भरावं लागतं.

ब मधल्या खाचाखोचा

एकच दर म्हणून डोळे मिटून सही करू नये. व्याज दरमहा मुद्दलात मिळवत असतील तर 12 टक्क्यांचे वर्षाला 24,000 न होता 25,365 होतात. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली तर 1,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,180. वर्षभराच्या कर्जात हे फारसं जाणवत नाही. दोन महिन्यांत फेडणार असाल तर मात्र हीच फी वार्षिक 3.6 टक्क्यांइतकी पडते आणि बारा टक्क्यांचं कर्ज साडेपंधराच्या पुढे जातं. काही ठिकाणी किमान सात किंवा पंधरा दिवसांचं व्याज घेतात, तेही विचारा.

‘शेकडा एक रुपया’ ही बोली पतसंस्था आणि सावकारांच्या व्यवहारात अजून चालते. ती महिन्याची असते, म्हणजे वर्षाला 12. शेकडा दीड म्हणजे 18. वार्षिक दराशेजारी मासिक दर ठेवून तुलना करू नका.

1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्तकंपन्यांना नव्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट) द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मराठीतून मागा. त्यात फीसकटचा वार्षिक टक्केवारी दर असतो, तोच दोन पत्रकांत ताडून पाहायचा. अ साठी तो कोणता टप्पा धरून काढला आहे हे बघा. सर्वांत खालचा दर धरला असेल तर तो आकडा फक्त वेळेवर भरणाऱ्यापुरता खरा.

दागिने दोन-तीन असतील तर एकाच पावतीवर सगळे ठेवू नका. वेगवेगळी खाती केली तर पैसे येतील तसा एकेक दागिना सोडवता येतो. फी दोनदा पडेल, तेवढी विचारात घ्या. पावतीवर प्रत्येक दागिन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट लिहिलेलं हवं. पूर्ण फेड झाल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर त्यांच्याकडून झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाईची तरतूद 2025 च्या निर्देशांत आहे.

अ मध्ये अडकलेले असाल आणि बँकेकडे कर्ज वळवायचं असेल, तर बँकेची सोन्याची तपासणी, अंतर्गत मंजुरी आणि जुन्या ठिकाणी रक्कम भरून दागिने ताब्यात घेणं यात चार-पाच दिवस सहज जातात. 88व्या दिवशी बँकेत गेलात तर सोडवणूक 92व्या दिवशी होईल आणि सगळं व्याज अठराने द्यावं लागेल. 80व्या दिवसाच्या आसपास अर्ज करा. तेही जमत नसेल, तर 90 च्या आत त्या दिवसापर्यंतचं व्याज तेवढं पूर्ण भरून मोजणी नव्याने सुरू करा आणि मग सवडीने कर्ज वळवा.