टीपीईएन म्हणून भलतीच पावडर गळ्यात मारली, तुम्ही तरी बघून घ्या

जळगावात पीएचडी करतेय, कॅन्सरच्या पेशींमधलं झिंक काढून घेतलं तर त्यांचं काय होतं असं काम आहे. त्याला टीपीईएन नावाचं झिंक पकडणारं रसायन लागतं. धातू तर ईडीटीए नावाचं दुसरं रसायन पण पकडतं पण ते पेशीच्या बाहेरच राहतं, टीपीईएन पडद्यातून सरळ आत शिरतं आणि झिंक धरून बसतं, म्हणून तेच पाहिजे. कंपनीचं कोटेशन बघून डोळेच पांढरे झाले, त्यात फेलोशिप लटकलेली, तेवढ्यात एक डीलर म्हणाला १०० मिलिग्रॅम निम्म्या भावात देतो. "ताई टेन्शन नका घेऊ, माल कंपनीचाच, फक्त बिल आमचं." लेबल चकाचक, कॅस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) १६८५८-०२-९ बरोबर, सोबत सर्टिफिकेट पण. घेतली.

इथॅनॉलमध्ये टाकली तर विरघळेचना. हलवलं, कोमट केलं, सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी विरघळवायचं मशीन) लावलं, तरी तळाशी साखरेसारखी बसलेली. पाण्यात मात्र लगेच गायब! खरं तर उलटं व्हायला पाहिजे, टीपीईएन इथॅनॉलमध्ये विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच, हे मला माहीत होतं हो, पण वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय आणि मी शहाणीने पाण्यातलंच वापरलं.

पेपरांमध्ये ५ मायक्रोमोलरच्या डोसला एका दिवसात पेशी मरायला लागतात, माझ्या मजेत वाढत होत्या. १० केलं, २० केलं, काही नाही. दीड महिना गेला, सर म्हणे तुझा हात बसला नाही अजून.

शेवटी केमिस्ट्रीतल्या मैत्रिणीने चिमूटभर काचेच्या बारीक नळीत, कॅपिलरीत, भरून मेल्टिंग पॉइंट लावला. ११० डिग्रीच्या आसपास वितळायला पाहिजे, आम्ही दोघी भिंगातून बघतोय, १५० झालं, २०० झालं, पावडर जशीच्या तशी. ती म्हणे ईडीटीएचं सोडियम सॉल्ट दिसतंय, ते तर किलोने मिळतं. कंपनीला बॅच नंबर मेल केला तर तसली बॅचच नाही म्हणे. हा मेल पैसे द्यायच्या आधी करायचा असतो, आणि मेल्टिंग पॉइंट बाटली आली त्याच दिवशी, दहा मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे रावेरचा माणूस केळीचा घड लांबून बघून सांगतो कार्बाइडने पिकवलाय म्हणून, मी एवढी शिकलेली आणि बाटलीतली पावडर नाही ओळखली.

डीलरला फोन केला तर म्हणतो, "ताई, सील तर तुम्हीच फोडलं ना, आता रिटर्न नाही होणार." नंतर फोन उचलणंच बंद.