विश्रामबागचं आमचं मेडिकल आणि ह्यांची कोलेस्ट्रॉलची गोळी

गेली सव्वादोन वर्षं ह्यांची सगळी औषधं आम्ही सांगलीत विश्रामबागच्या ह्या एकाच मेडिकलमधून घेतोय, म्हणून लिहितेय. डिस्काउंट दुसरीकडे जास्त मिळतो हे आधीच सांगते, ज्यांना तेवढंच बघायचंय त्यांनी पुढं नाही वाचलं तरी चालेल. पण ज्यांच्या घरात कुणाला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलाय आणि रोज रात्री कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे त्यांनी जरूर वाचा.

ह्यांची मिरजेला अँजिओप्लास्टी झाली आणि घरी सोडताना जी गोळ्यांची यादी मिळाली त्यात एक अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, तेव्हा १४८. ह्यांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात गेलंय, एखादी गोष्ट कशासाठी ते कळल्याशिवाय ऐकणार नाहीत. सारखं एकच, मी तूप सोडलं, भडंग सोडलं, अंड्याचा बलक सोडला, मग गोळी कशाला? दुकानात गर्दी नव्हती म्हणून दादांनी, म्हणजे ह्या मेडिकलच्या दुकानदारांनी, औषधाच्या खाकी पाकिटावर पेनानं लिव्हर काढून दाखवलं. म्हणाले, साहेब, कोलेस्ट्रॉल ताटातनं येतं त्याच्यापेक्षा जास्त आपलं लिव्हरच बनवतं, ही गोळी ते बनवणारं एन्झाइम अडवते. मग पुढचं ह्यांच्याच भाषेत सांगितलं, की गोदामात माल कमी पडला की व्यापारी काय करतो, बाजारातनं उचल वाढवतो, तसंच लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त उचलायला लागतं, त्यासाठी स्वतःवर जास्तीचे रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे हात, तयार करतं. शिवाय रक्तवाहिनीत आधी साठलेला जो थर असतो तो एकदम फुटू नये म्हणूनसुद्धा ह्या गोळीचा उपयोग होतो, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी ती बंद करायची नसते. हे एकदम गप्प झाले. ते पाकीट आमच्या फाइलमध्ये अजून आहे.

दादांनी आणखी एक सांगितलेलं ह्यांना फारच आवडलं. ही गोळ्यांची जातच (स्टॅटिन म्हणतात तिला) मुळात बुरशीतून सापडली, जपानच्या अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या, आणि जी लागू पडली ती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. त्या जातीची पहिली गोळी अमेरिकेत १९८७ ला बाजारात आली. यार्डातल्या माणसाला धान्याच्या दुकानाची गोष्ट सांगितल्यावर काय, आठवडाभर प्रत्येकाला तेच ऐकवत होते.

आता त्रासाचं. तीन महिन्यांनी एलडीएल ७६ वर आलं, पण ह्यांच्या मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. आमराई बागेत रोज चार फेऱ्या मारणारा माणूस दोन फेऱ्यांत बाकावर बसायला लागला. त्यातच कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की ह्या गोळ्यांनी स्नायू झडतात आणि मेंदू मंदावतो, आणि दुसऱ्या एका दुकानात (नाव लिहीत नाही) हे सहज बोलले तर तिथला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मग थोडे दिवस बंद करून बघा की. ह्यांनी मला न सांगता बंद केली. उशीखाली दोन भरलेल्या स्ट्रिप सापडल्या तेव्हा मला कळलं, वीस दिवस झाले होते, त्या रात्री मला झोप लागली नाही. स्टेंट टाकून चार महिने नाही झाले आणि माणूस गोळी उशीखाली ठेवतोय.

सकाळी तडक ह्या मेडिकलमध्ये गेले. दादा रागावले नाहीत, ह्यांनाच घेऊन या म्हणाले आणि मग एकेक विचारलं. एका पायात दुखतंय की दोन्ही? लघवी चहासारखी काळपट होते का? थायरॉइड कधी तपासलंय? नवीन काही व्यायाम, नवीन औषध? म्हणाले ह्या गोळीनं दुखतं तेव्हा बहुतेक दोन्ही बाजूंनी दुखतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे, आणि लघवी काळी झाली तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठायचं कारण स्नायू तुटून किडनीवर लोड येतो, ते फार क्वचित होतं पण माहीत पाहिजेच. गोळी बदलायची का, डोस कमी करायचा का, हे मी सांगणार नाही, आजच डॉक्टरांना दाखवा, असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) केली, ती नॉर्मल आली, पण थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं, ११ निघालं. थायरॉइड कमी काम करत असेल तर स्टॅटिननं अंग दुखण्याची शक्यता वाढते, आणि कोलेस्ट्रॉलही त्यानं चढतं, हे आम्हाला कुणाला माहीत होतं! थायरॉइडची गोळी सुरू झाली, अ‍ॅटोर्वास्टॅटिन परत सुरू केली, दोन-अडीच महिन्यांत चार फेऱ्या परत चालू.

माझ्या मुलीनं नंतर वाचून दाखवलं की २०२० मध्ये लंडनला ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडली होती अशा ६० लोकांवरचा अभ्यास जाहीर झाला, काही महिने खरी गोळी, काही महिने नुसती दिसायला तशीच, काही महिने काहीच नाही, आणि खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला साधारण ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. पण म्हणून कुणाचं दुखणं मनाचं आहे असं म्हणून उडवून लावू नका हो, ह्यांचे पाय खरंच दुखत होते आणि कारण सापडलं ते विचारपूस केली म्हणून.

बाकी साइड इफेक्ट म्हणाल तर लिव्हरचे एन्झाइम थोडे वाढू शकतात, तिपटीच्या वर गेले तर डॉक्टर विचार करतात, आणि शुगर बॉर्डरवर असेल तर किंचित वर सरकू शकते. ह्यांची आहेच बॉर्डरवर, त्यामुळे एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) बघत असतो. दिवस राहायचं ठरवत असलेल्या मुलींनी ही गोळी चालू असेल तर आधीच डॉक्टरांना सांगायला पाहिजे.

आणि गेल्या थंडीतली गोष्ट, जिच्यामुळे मी हे दुकान सोडणार नाही. ह्यांना खोकला झाला, दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं, डॉक्टरांना ह्यांनी हृदयाच्या गोळ्यांचं काही सांगितलंच नव्हतं. दादांनी चिठ्ठी हातात घेतली, वही काढली, आणि म्हणाले, थांबा वहिनी, हे अ‍ॅटोर्वास्टॅटिनबरोबर नको, ती गोळी शरीरात जिच्यामुळे मोडते तीच वाट हे औषध बंद करतं, मग तिचं प्रमाण रक्तात वाढत जातं आणि स्नायूंना धोका. माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला, दोन मिनिटांत दुसरं अँटिबायोटिक ठरलं. काउंटरवर तेव्हा आठ माणसं उभी होती, कुणाला घाई कुणाला नाही, पण दादांनी फोन ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावला नाही.

पुढं एलडीएल आणखी उतरवायला डॉक्टरांनी अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा डोस ८० न करता एझेटिमाइब १० जोडली. मी विचारलं तर दादा म्हणाले, डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, ही दुसरी गोळी आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्ट्रॉल अडवते, तिनं वीसेक टक्के उतरतं. आता ५९ आहे.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. गाडी लावायला जागा नाही, रविवारी दुपारनंतर बंद, घरपोच फक्त जवळपास, आणि दादा प्रत्येकाशी बोलत बसतात त्यामुळे वेळ लागतोच. संध्याकाळी सातनंतर जाऊच नका. सकाळी अकराच्या सुमाराला जा, जुनी फाइल आणि चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप बरोबर न्या, आयुर्वेदिक काढेसुद्धा, कारण ते पण विचारतात.