एलएम-सेन्सर्स: 91 अंश दाखवणारा सेन्सर कशालाच जोडलेला नव्हता

बरीच वर्षं लिनक्स वापरतेय आणि एलएम-सेन्सर्स हे मशीनमधली तापमानं, फॅनचे वेग आणि व्होल्टेज दाखवणारं पॅकेज प्रत्येक मशीनवर पहिल्याच दिवशी टाकते, पण त्याच्याबद्दल सविस्तर लिहावं असं वाटलं ते गेल्या महिन्यात, कारण त्यातल्या एका आकड्यापायी मी दोन रात्री घालवल्या, प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक काढला, त्याखालची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, कॅबिनेटमधली धूळ काढली, आणि एवढं करून आकडा जागचा हलला नाही. तरीही मी या पॅकेजला पाचपैकी चार देतेय. का, ते सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नावातलं एलएम हे नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम78 आणि एलएम75 या चिप्सवरून आलंय, हा प्रोजेक्ट 1990 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला तेव्हा मदरबोर्डवर या चिप्स असायच्या. सुरुवातीला ड्रायव्हरसुद्धा (चिपशी बोलणारे प्रोग्रॅम) यातच यायचे, नंतर ते कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, गेले, तिथल्या एचडब्ल्यूमॉन नावाच्या भागात, आणि आता या पॅकेजमध्ये उरलीत ती वाचायची आणि शोधायची हत्यारं: सेन्सर्स ही कमांड, चिप शोधणारी सेन्सर्स-डिटेक्ट, आणि फॅनच्या वेगाची मांडणी करणारं पीडब्ल्यूएमकॉन्फिग नि त्यानुसार फॅन चालवणारं फॅनकंट्रोल. हा फरक डोक्यात पक्का असला की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. आकडा चुकीचा वाटला तर सेन्सर्स कमांडवर चिडून उपयोग नाही, ती बिचारी /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन खालच्या फायली वाचते आणि नीट मांडून दाखवते, बस. शंका आली की ती फाइल स्वतः उघडून बघा, टेम्प1_इनपुट मध्ये 43000 असं काहीतरी दिसेल, त्याला हजारने भागायचं, 43 अंश.

सेन्सर्स-डिटेक्ट रूट (पूर्ण अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवायची आणि ती प्रश्न विचारत जाते, याचा शोध घेऊ का, त्याचा घेऊ का, आणि एंटर मारत गेलं की ती स्वतः सुरक्षित असलेले पर्यायच निवडते. हा सावधपणा उगाच आलेला नाही, फार पूर्वी थिंकपॅडच्या काही मॉडेल्सवर अशा शोधाशोधीत ईईप्रॉम, म्हणजे कायमची माहिती साठवणारी चिप, खराब होऊन मशीन बंद पडली होती, तेव्हापासून ही मंडळी जपून असतात. पण एंटर मारत जाण्यात एक खाच आहे आणि तिच्यात मी कित्येकांना अडकलेलं बघितलंय. डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर सगळ्यात शेवटी ती विचारते की सापडलेल्या मॉड्यूलची (म्हणजे कर्नलमध्ये लोड करायच्या ड्रायव्हरची) नावं फायलीत लिहून ठेवू का, आणि तिथे न बोलता एंटर मारलं तर त्याचा अर्थ नाही असा होतो. तिथे पूर्ण यस टाइप करावं लागतं. नाहीतर हाताने मॉड्यूल लोड केल्यावर आज सगळं छान दिसतं, उद्या रीबूट केलं की फॅन आणि बोर्डाचे सगळे आकडे गायब, आणि माणूस म्हणतो अपडेटनं बिघडवलं.

आता माझा किस्सा. डेस्कटॉपवर इंटेलचा प्रोसेसर, बोर्डावर नुवोटॉनची एनसीटी6776 चिप. ही सुपर आयओ प्रकारची चिप असते, फॅनचे वेग, व्होल्टेज आणि बोर्डावरची तापमानं तीच मोजते. फॅनकंट्रोल लावून घेतलं आणि त्या दिवसापासून सीपीयूचा फॅन सतत पूर्ण वेगात, मशीनवर काही चालू नसतानाही. सेन्सर्स चालवून बघितलं तर दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी. वर कोअरटेम्प, म्हणजे इंटेल प्रोसेसरच्या आतला सेन्सर वाचणारा ड्रायव्हर, म्हणतंय पॅकेज (इथे अख्खा प्रोसेसर) 41 अंश, खाली नुवोटॉनच्या यादीत सीपीयूटिन नावाची ओळ आणि तिच्यापुढे 91 अंश आणि शेजारी कॅपिटलमध्ये अलार्म. सीपीयूटिन, म्हणजे नावातच सीपीयू आहे, वर अलार्म लिहिलंय, तर मी खरा कुणाला मानणार? मी 91 ला मानलं. 41 हाच चुकीचा असणार, ड्रायव्हर नीट वाचत नसणार असं धरून चालले, आणि मग ते हीटसिंक काढणं वगैरे सगळं झालं. पेस्ट बदलून परत चालू केलं, 91. कॅबिनेट उघडं ठेवून बाजूला टेबलफॅन लावला, तरी 91. एवढ्या उपायांनी अर्धा अंशही फरक पडत नाही हेच खरं तर मला पहिल्या रात्रीच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या रात्री शेवटी जे आधी करायचं ते केलं. एका टर्मिनलमध्ये वॉच लावून सेन्सर्स दर सेकंदाला चालू ठेवलं, दुसऱ्यात स्ट्रेस-एनजीनं सगळ्या कोअरना कामाला लावलं, आणि नजर फक्त आकड्यांवर. कोअरटेम्पची ओळ दोन-तीन सेकंदांतच 41 वरून 60 च्या वर गेली, मग सावकाश 72 पर्यंत चढून तिथे थांबली. पेसी एजंट 0 नावाची (प्रोसेसरनं स्वतः बोर्डावरच्या चिपला कळवलेल्या तापमानाची) आणखी एक ओळ होती जिच्याकडे मी आधी बघितलंच नव्हतं, ती कोअरटेम्पच्या मागोमाग चालली होती, एखाद-दोन अंशांच्या फरकानं. आणि सीपीयूटिन? ते उतरायला लागलं. 91, 89, 87, आणि 84 वर टेकलं. प्रोसेसर तापतोय आणि त्याचं म्हणवणारं तापमान खाली जातंय. लोड काढला तसं कोअरटेम्प धाडकन खाली आलं आणि सीपीयूटिन हळूहळू परत 91 वर चढलं.

मग कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एनसीटी6775 ड्रायव्हरचं पान वाचलं तर तिथे हे अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे: काही बोर्डांवर ही सीपीयूटिनची पिन बहुधा कशालाच जोडलेली नसते, ती अधांतरी असते, त्यामुळे भलतंच जास्त तापमान दिसतं आणि कधीकधी खरं तापमान वाढलं की हा आकडा कमी होतो, तिथे सीपीयूटिन धरू नका, पेसी 0 धरा. शब्दाशब्दाला माझीच केस. चिपला मोजायला पिन दिलीय, बोर्ड बनवणाऱ्यानं तिथे तापमान मोजणारा थर्मिस्टर लावलाच नाही, चिप मात्र तिथल्या व्होल्टेजचा अर्थ तापमान म्हणूनच लावत राहते. ऑक्सटिन नावाच्या ओळींचं पण बऱ्याचदा हेच असतं, तिथे 127 किंवा शून्याखाली 60 असे आकडे दिसले तर मशीनला ताप आलेला नाही, तिथे सेन्सरच नाही. अलार्म शब्दानं पण घाबरू नका, आधी त्या ओळीत मर्यादा किती लिहिलीय ते बघा, कितीतरी बोर्डांवर ती शून्य किंवा काहीतरी वेडीवाकडी भरलेली असते आणि मग अलार्म कायमचाच.

कोअरटेम्पबद्दल पण एक लक्षात ठेवा. इंटेलचा आतला सेन्सर थेट अंश सांगत नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत ते सांगतो, ही मर्यादा पुष्कळ प्रोसेसरवर 100 अंश असते, आणि ड्रायव्हर वजाबाकी करून आपल्याला अंश दाखवतो. म्हणून मर्यादेजवळचा आकडा विश्वासाचा, आणि मशीन निवांत असताना दिसणारा 28 किंवा 31 हा ढोबळ. निवांत असताना दोन कोअरमध्ये पाच अंशांचा फरक दिसला म्हणून हीटसिंक काढायला बसू नका.

एएमडीवाल्यांचा गोंधळ वेगळा. के10टेम्प ड्रायव्हर टीसीटीएल नावाचा आकडा देतो आणि तो फॅन चालवण्यासाठी प्रोसेसरनं दिलेला आकडा आहे, प्रत्यक्ष तापमान असेलच असं नाही. पहिल्या पिढीच्या रायझन 1700एक्स आणि 1800एक्सवर त्यात मुद्दाम 20 अंश मिळवलेले असायचे, 2700एक्सवर 10. तिथे टीडाय ही ओळ दिसत असेल तर खरं तापमान ते. 2020 मध्ये आलेल्या 5.6 कर्नलपासून झेन 2 वगैरे प्रोसेसरवर टीसीसीडी अशा (प्रोसेसरमधल्या कोअरच्या प्रत्येक तुकड्याच्या) वेगळ्या ओळी पण मिळायला लागल्या, त्या मला जास्त उपयोगी वाटतात.

खोटी ओळ सापडली की ती झाकायची कशी, तर इथे हे पॅकेज खरंच छान आहे. /इटीसी/सेन्सर्स.डी मध्ये एक छोटी फाइल करायची, त्यात चिपचं नाव, खाली इग्नोर टेम्प2, आणि बाकीच्यांना लेबलनं आपल्याला कळतील अशी नावं. माझ्याकडे आता सहा ओळी दिसतात आणि सहाच्या सहा खऱ्या आहेत. फक्त एक, ही फाइल लिबसेन्सर्स ही या पॅकेजची लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅमच मानतात, जे थेट कर्नलच्या फायली वाचतात त्यांना तुमचं इग्नोर माहीतच नसतं, तिथे ते 91 परत डोकं वर काढतं.

आणि फॅनकंट्रोल हा त्या थेट वाचणाऱ्यांपैकीच. फॅन का ओरडत होता हे इथे उलगडलं. पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवलं की ते एकेक फॅन थांबवून बघतं, कुठल्या कंट्रोलला कुठला फॅन आहे ते ओळखायला, आणि ती काही सेकंदं विलक्षण असतात, खोलीतला आवाज एकदम पडतो, आतला फॅन फिरता फिरता मंद होत उभा राहतो, पाती मोजता येतात, आणि मग स्क्रीनवर आरपीएम शून्य दिसतं. त्यानंतर ते विचारतं की हा फॅन कुठल्या तापमानावर चालवायचा, आणि मी तिथे नाव वाचून सीपीयूटिन निवडलं होतं. कमाल 75 दिलेलं, आकडा कायम 84 च्या वर, म्हणून फॅन कायम फुल्ल. हे तरी बरं झालं. तोच खोटा आकडा जर 60 च्या आसपास तरंगत असता तर प्रोसेसर तापल्यावर आकडा उतरला असता आणि त्याबरोबर फॅन पण मंदावला असता, नेमकं उलटं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, पीडब्ल्यूएमकॉन्फिगला हात लावायच्या आधी ती लोडची परीक्षा घ्या, जो आकडा लोडबरोबर वर जातो आणि लोड काढल्यावर खाली येतो त्यालाच फॅन बांधा.

फॅनकंट्रोलची दुसरी अडचण म्हणजे एचडब्ल्यूमॉनचे नंबर. एचडब्ल्यूमॉन2 आज जे आहे ते पुढच्या बूटला तेच असेल याची हमी नाही, मॉड्यूल ज्या क्रमानं लोड होतात त्यावर ते ठरतं. मी एक एनव्हीएमई ड्राइव्ह लावला आणि नंबर सरकले, फॅनकंट्रोलनं चालू व्हायलाच नकार दिला, कॉन्फिगरेशन जुनं झालंय, पीडब्ल्यूएमकॉन्फिग परत चालवा म्हणाला. वैताग आला पण ते बरोबरच वागलं, चुकीच्या चिपवर आंधळेपणानं फॅन चालवण्यापेक्षा थांबलेलं चांगलं. तुम्ही स्वतः स्क्रिप्ट लिहीत असाल तर नंबरावर विसंबू नका, प्रत्येक फोल्डरमध्ये नेम नावाची फाइल असते ती वाचून चिप ओळखा.

एक गुण कापला तो हार्डवेअर ओळखण्यासाठी. दुसऱ्या एका मशीनवर आयटीईची चिप आहे, सेन्सर्स-डिटेक्टला ती सापडली, पण आयटी87 मॉड्यूल लोड करायला गेले तर डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी. डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, बघितल्यावर कळलं की एसीपीआयनं (बायोसकडून येणारी हार्डवेअर सांभाळायची व्यवस्था) तेच पोर्ट स्वतःकडे धरून ठेवलेत. इंटरनेटवर सगळे बूटच्या ओळीत एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स घाला म्हणून मोकळे होतात, आणि चालतं ते, मी पण शेवटी तेच केलं, पण त्याचा अर्थ बायोसचा कोड आणि ड्रायव्हर दोघं एकाच चिपला एकाच वेळी हात घालू शकतात, आणि मग चुकीचे आकडे किंवा त्याहून वाईट काही होऊ शकतं. नव्या कर्नलमध्ये आयटी87 ला स्वतःचा इग्नोर_रिसोर्स_कॉन्फ्लिक्ट हा पर्याय आलाय, तो निदान त्या एकाच ड्रायव्हरपुरता मर्यादित राहतो, आधी तो करून बघा. आणि काही नव्या चिप्सपुढे सेन्सर्स-डिटेक्ट ड्रायव्हरच्या जागी टु-बी-रिटन असं लिहितं, म्हणजे चिप ओळखली पण ड्रायव्हर अजून कुणी लिहायचाय. चिप बनवणाऱ्या कंपन्या माहितीपत्रक देत नसतील तर हे लोक तरी काय करणार, इतकी वर्षं बहुतेक काम स्वयंसेवकांनी ओढलंय याची मला मनापासून कदर आहे.

राहिला प्रश्न डिस्कचा. एनव्हीएमईचं तापमान 5.5 कर्नलपासून आपोआप दिसतं, काही करावं लागत नाही. साटा डिस्कसाठी 5.6 पासून ड्राइव्हटेम्प मॉड्यूल आहे, ते सेन्सर्स-डिटेक्ट सुचवत नाही, आपणच मॉडप्रोब कमांडनं लोड करायचं, मग सेन्सर्सच्या यादीत डिस्क येते आणि बघायला रूट लागत नाही. माझी जुनी डिस्क बॅकअपच्या वेळी 52 पर्यंत जातेय हे मला त्यातूनच कळलं, पुढचा फॅन तिच्यासमोर सरकवला आणि आता 43 च्या वर जात नाही. मॉड्यूलचं नाव /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एका फायलीत घालायला विसरू नका.