शेवंड-कोळंबीचं गोठवलेलं पाकीट: माल उत्तम, सूचना चुकीची

शेवंडीच्या शेपट्या आणि सोललेली कोळंबी एकाच पाकिटात. मांस घट्ट, वास स्वच्छ. घोळ आहे मागच्या सूचनेत: दोन्ही 8 मिनिटं उकळा म्हणे!

कोळंबी बारीक, बाजूंनी चपटी. उकळत्या पाण्यात 2-3 मिनिटांत गुलाबी होऊन चंद्रकोरीसारखी वाकली की लगेच काढा. गच्च वेटोळं झालं की ती रबरासारखी चिवट लागते. शेवंडीची शेपटी जाड, कवच टणक, त्यामुळे उष्णता आत उशिरा पोचते. 150 ग्रॅमच्या शेपटीला 6-8 मिनिटं द्या, मधलं मांस पूर्ण पांढरं दिसायला हवं. त्याआधी रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, नाहीतर बाहेरून शिजते, आत कच्ची राहते.

पाकिटावरच्या चित्रातल्या शेवंडीला नांग्या नाहीत, ते बरोबरच आहे: काटेरी शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, जाड लांब मिशा असतात.