स्टेपनीच्या कव्हरखाली काय आहे, बघितलंय का?

एकूण १९,७०० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचताना "एका टायरसाठी एवढं काय" असं कुणाला वाटायला नको. लाज गेली ती वेगळीच, आणि त्या लाजेपायी तीन महिने हे लिहिलं नाही. परवा आमच्याच गल्लीतला एक पोरगा, मला जिथे फसवलं त्याच दुकानातून टायर बसवून आला आणि "काका, वर कव्हर फुकट दिलं" म्हणाला. मग राहवलं नाही.

मी साताऱ्यात राहतो, कोंबडी खाद्याची एजन्सी आहे. मेढा, केळघर, कास, बामणोली असा सगळा डोंगरातला फिरस्ता. पावसाळ्यात त्या वाड्यांवर साधी गाडी चढत नाही, म्हणून महिंद्राची थार घेतली, चारही चाकांना जोर देणारी. शौक म्हणून नाही. (थोडा शौक होता. पण तो इथे विषय नाही.) २०२१ ची, एएक्स ऑप्शनल, सेकंडहँड. थारवाल्यांना माहीतच असेल, २०२० साली आलेल्या नव्या थारला दोन मापं आहेत. वरच्या मॉडेलला अलॉय रिमवर २५५/६५ आर १८ आणि माझ्यासारख्या पत्र्याच्या रिमवाल्याला २४५/७५ आर १६. (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचात.) त्याआधीच्या जुन्या थारला २३५/७० आर १६. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केळघर घाटात रस्त्याच्या कामाच्या खडीने एका टायरची बाजू फाडली. पंक्चरवाल्याने बोट घालून दाखवलं, "साइड कट हाय, पॅच टिकायचा न्हाई." मूळची स्टेपनी चाकाला गेली आणि मागच्या दाराला नुसता रिम राहिला. शहरातल्या डीलरकडे त्याच कंपनीचं, त्याच नक्षीचं टायर १३,६०० रुपये, पक्क्या बिलासह, पण आठ दिवस थांबा. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. मला आठ दिवस थांबायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते २८ टक्केही डोळ्यांत खुपत होते.

हायवेच्या बाजूला एक दुकान आहे. नाव लिहीत नाही. मेहुणा वकिली करतो, त्याने हात जोडून सांगितलंय की नाव लिहू नका, उलटा तुमच्यावरच दावा लागेल. तिथे "उतरवलेली" टायरं मिळतात. हा धंदा मुळात खोटा नाही. पोरं नवी थार घेतात, दुसऱ्याच दिवशी मोठी टायरं चढवतात आणि मूळचा संच विकून टाकतात. शंभर-दोनशे किलोमीटर फिरलेलं टायर स्वस्तात मिळतं. मी काही बावळट नाही, हे सगळं माहीत असूनच गेलो होतो.

आणि मी तपासलं! हे मी सगळ्यांना सांगतो, सगळे हसतात, तरी सांगतो. माप वाचलं, २४५/७५ आर १६. आयएसआयचं चिन्ह बघितलं. लांबट गोलातले शेवटचे चार आकडे बघितले, ४१२३, म्हणजे २०२३ सालचा ४१ वा आठवडा. नव्या टायरला असतात ते रबराचे केस कडेला अजून तसेच होते. मोबाइलमध्ये तीन फोटो काढले. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "दादा, तुमच्यासारखं बघून घेणारं गिऱ्हाईक पायजे. लोक येत्यात, काळं गोल दिसलं की उचलत्यात." मी फुगलो. आता आठवलं की कानशिलं तापतात.

ठरलं ९,४००, फिटिंग आणि नवा व्हॉल्व्ह २००, बॅलन्सिंग १५०. एकूण ९,७५०. स्टेपनीला बॅलन्सिंग कशाला, हे मी विचारलं नाही. "पाच हजार ऑनलाइन करा, बाकी रोख द्या" म्हणाला, तेही केलं. बिलाचं विचारल्यावर "बिल पायजे तर वर टॅक्स पडंल", मग मीच म्हणालो राहू दे. चिठ्ठी मिळाली: टायर १ नग, ९७५०. माप नाही, शिक्का नाही, सही म्हणजे एक वळवळ.

मग म्हणाला, "मशीनवर नंबर हाय, अर्धा तास लागंल. समोर चहा घ्या, माझ्या खात्यावर."

मी चहा घ्यायला गेलो. सगळं तिथेच घडलं, त्या अर्ध्या तासात. फसवणारा तुम्हाला खोटा माल दाखवत नाही, अस्सल दाखवतो. तुम्ही पाठ फिरवली की मग त्याचं काम सुरू होतं.

परत आलो तर टायर मागच्या दाराला चढलेलं होतं आणि पोरगा त्यावर काळं रेक्झिनचं कव्हर ओढत होता. "हे आपल्याकडून भेट, दादा. नव्या थारचंच हाय, मापाचं." बाराशे-पंधराशेचं कव्हर फुकट! आता ऐका. मी त्या कव्हरला हात लावला. वरच्या बाजूला सुरकुत्या होत्या. मी चिमूट धरली तर रेक्झिन सैल, चार बोटं सहज आत गेली. मी म्हणालोसुद्धा, "ढगळ वाटतंय हो." आणि तो म्हणाला, "पावसात भिजलं की ताणून बसंल."

रेक्झिन भिजलं की ताणून बसतं म्हणे! शाळेतल्या पोरालाही पटणार नाही. मी मान डोलावली. माझी चार बोटं त्या फटीत होती, ती फट म्हणजेच चोरी होती, आणि मी "थँक्यू" म्हणून गाडीत बसलो. कव्हर सैल असेल तर दोनच शक्यता, कव्हर मोठं किंवा चाक लहान. कव्हर मापाचं असल्याचं तो स्वतःच सांगत होता. नाडी ओढून कव्हर काढायला किती वेळ लागतो? दहा सेकंद.

घरी बायको म्हणाली, "मागचं चाक बारीक दिसतंय का हो?" मी काय म्हणालो ते लिहीत नाही.

आठ महिने ते कव्हर निघालं नाही. स्टेपनीची हवासुद्धा बघितली नाही, कारण कव्हर. फुकटचं कव्हर का दिलं ते आता कळलं ना?

जुलै २०२५. बामणोलीकडून संध्याकाळी परत येताना धुकं इतकं की बॉनेट दिसेना, वर कासचा पाऊस. मोरीच्या तुटक्या कडेला मागचं डावं टायर कापलं. भिजत कव्हर काढलं, चाक चढवलं. हवा १८ होती, पंपाने ३२ केली. जॅक खाली घेतला आणि गाडी डावीकडे कललेली राहिली. रस्ता तिरका असेल म्हणून गाडी दोन फूट पुढे घेतली, तरी तशीच. मग बॅटरी मारून वाचलं. तीच कंपनी, तीच नक्षी आणि माप २३५/७० आर १६. तारीख बाहेरच्या बाजूला नव्हतीच. दुसऱ्या दिवशी चाक उतरवल्यावर आतल्या बाजूला सापडली: २२१४. २०१४ सालचं, अकरा वर्षांचं, कुठल्या तरी जुन्या थारवरून निघालेलं, पॉलिश मारून काळं कुळकुळीत केलेलं. तारखेचे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. ती बाजू आत ठेवून रिमवर चढवलं की विषय संपला. म्हणून चढवण्याआधी सांगा, तारीख बाहेर ठेव. नाही म्हणाला तर उठा.

"रिम १६, टायर १६, मग काय बिघडलं" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. २४५/७५ आर १६ चा व्यास ७७४ मिलिमीटरच्या आसपास, २३५/७० आर १६ चा ७३५. जवळजवळ ४ सेंटीमीटरचा फरक. एका फेरीत लहान चाक १२ सेंटीमीटर मागे पडतं, म्हणजे किलोमीटरमागे त्याला वीस-बावीस फेऱ्या जास्त माराव्या लागतात. टू व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असताना, त्याचा भार मागच्या डिफरन्शियलवर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) येतो, सावकाश घर गाठता येतं. फोर व्हील टाकलं की मात्र पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना बांधले जातात, आणि फेऱ्या जुळल्या नाहीत की मधली यंत्रणा (ट्रान्सफर केस) पिळली जाते. चिखलात चाक घसरून तो पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही.

आणि मी नेमकं तेच केलं. पुढे रस्ता वाहून चिखल झाला होता, तिथे फोर एच, म्हणजे फोर व्हील टाकलं. डांबर लागल्यावर टू एचला आणायला गेलो तर लिव्हर हलेना. स्टिअरिंग जड, वळणावर गाडी अडखळतेय, जळका वास. अशा वेळी गाडी सरळ रेषेत पाच-दहा फूट मागे घेतली की पीळ सुटतो आणि लिव्हर निघते, हे नंतर मेकॅनिकने सांगितलं. मी तशीच रेटली. यवतेश्वर घाट उतरायच्या आधी ते म्हातारं टायर फुटलं. डोंगराच्या बाजूला फुटलं, एवढंच.

क्रेन ४,२००. फाटलेल्या टायरच्या पट्ट्यांनी मड फ्लॅप आणि चाकावरचं प्लास्टिक फोडलं, त्याचे २,६००. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल बदलून तपासणी ३,१५०. त्यात आधीचे ९,७५० मिळवा. कापलेलं टायर माझ्या नशिबाचं, ते यात धरलं नाही.

दुकानात गेलो. तोच माणूस, तेच "या दादा". फुटकं टायर समोर टाकलं. त्याने माप वाचलं आणि म्हणाला, "हे आमच्याकडचं न्हाईच." मी मोबाइल काढून फोटो दाखवले. त्याने चष्मा लावून फोटो बघितले, चार गिऱ्हाइकांना बोलावून दाखवले. "बघा, फोटोत २४५ हाय का न्हाई? दुकानबी आमचंच दिसतंय. म्हंजी आमी बरोबर माल दिला, ह्यांनीच फोटो काढलाय. आठ महिन्यांत मागं कुणी बदललं आमाला काय म्हाईत?" मी पुरावा म्हणून जपलेले फोटो त्याचा पुरावा झाले. चढवण्याआधीचा फोटो शून्य किमतीचा, चढवल्यानंतरचा काढायचा असतो. हे मला दुकानाच्या दारात, लोक हसत असताना कळलं.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर, साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी विचारलं, टायर फुटलं कुठे? घाटाजवळ. मग ती आमची हद्द नाही. अहो, फसवलं हायवेला! मग तिकडच्या ठाण्यात जा. तिकडच्यांनी विचारलं, राहता कुठे? मग तिथेच अर्ज द्या. मी काय खून झालाय म्हणून आलोय का, की हद्दीवरून दोन ठाणी मला चेंडूसारखी टोलवतायत? तिसऱ्या वेळी एक हवालदार भेटले, म्हणाले बिल द्या. चिठ्ठी दिली. त्यांनी ती उलटी करून मागेही बघितली. "ह्याच्यात टायर कुठलं ते कुठं लिहिलंय? सिव्हिल मॅटर आहे हे." मी तावातावाने म्हणालो, हे सरळ चारशेवीस आहे. तर शांतपणे म्हणाले, "चारशेवीस गेलं आता. नव्या कायद्यात तीनशे अठरा." माझे पैसे राहिले बाजूला, माझं कलम दुरुस्त करून दिलं! अर्ज ठेवून घेतला, आवक क्रमांक मागितला तर "साहेब आल्यावर". साहेब अजून यायचेत.

टायर कंपनीच्या नंबरावर एका मुलीने गोड आवाजात सगळं लिहून घेतलं आणि चार दिवसांनी उत्तर आलं, टायर फार जुनं असल्याने दावा बसत नाही. अहो, जुनं आहे हीच तर तक्रार आहे! करवाल्या एका कचेरीत गेलो, हा माणूस बिनबिलाचा धंदा करतो म्हणून सांगायला. तिथले गृहस्थ म्हणाले, "बिल नको कोण म्हणालं होतं?" मी उठून आलो. काय बोलणार? सगळ्या कचेऱ्यांत तेवढ्या एकाच माणसाने नेमका प्रश्न विचारला.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं, एवढं मेहुण्याने सांगितलं. पण तिथेही कागद लागणार. माझ्याकडे पाच हजारांचं ऑनलाइन पेमेंट आहे, एक वळवळ आहे आणि दुकानदाराच्या बाजूने बोलणारे तीन फोटो आहेत. तरी तक्रार लिहायला घेतलीय. तुम्ही मात्र बिलावर माप आणि तारखेचे चार आकडे लिहून घ्या. आणि चहा प्यायला जाऊ नका, तहान लागली तर पाणी मागवा आणि मशीनजवळ उभे राहून प्या.

गल्लीतल्या त्या पोराचं कव्हर मी रस्त्यातच काढायला लावलं. माप बरोबर निघालं. तारीख आतल्या बाजूला होती. तो म्हणाला, "उद्या बघतो, काका." उद्या बघणार नाही, मी त्याच्या वयाचा नसूनही बघितलं नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. ऑक्टोबरमध्ये डीलरकडून नवी स्टेपनी घेतली, १२,५५० रुपये, पक्कं बिल, चढवताना मशीनला चिकटून उभा होतो. घरी येऊन ते जुनं फुकटचं कव्हर तिच्यावर चढवून बघितलं. घट्ट बसलं. एक सुरकुती नाही, चार बोटं काय, नखही आत जाईना. बायको दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही.