म्हापशातला शनिवारचा जर्मन क्लास, चार महिने झाले, लिहायलाच हवं

मी कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनला असते. गेल्या सीझनला एक जर्मन आजी सारखं 'डुर्शत्सूक' म्हणत होत्या. माझ्या आधीच्या क्लासमधे त्सूक म्हणजे ट्रेन एवढंच घोकून घेतलेलं, म्हणून मी त्यांना थिवी स्टेशनचं टायमिंग काढून दिलं. त्या बिचाऱ्या सांगत होत्या की समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा लागतोय, मान धरलीय. दोन रात्री तशाच झोपल्या, ते मला अजून लागतं.

इथल्या मॅडमनी अख्खा एक शनिवार त्सूक या एका शब्दाला दिला. मूळ क्रियापद त्सीएन, म्हणजे ओढणे, ते कळलं की बाकीचं आपोआप सुटत जातं. इंजिन डबे ओढतं म्हणून ट्रेन त्सूक, आणि १८३५ ला न्युर्नबर्ग ते फ्यूर्थ जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे सुरू झाली तेव्हा बऱ्याच फेऱ्यांना डबे घोडेच ओढायचे. सिगरेटचा झुरका पण त्सूक, आपणही विडी ओढतोच की! बुद्धिबळातली चाल, मिरवणूक, चेहऱ्याची ठेवण, पक्ष्यांचं स्थलांतर, सगळं त्सूक. श्वास म्हणजे आटेमत्सूक. आणि मुलांना वाढवणं, संस्कार करणं याला एर्त्सीउंग, तेही याच धातूतून, हे ऐकून मला फार छान वाटलं.

स्वित्झर्लंडमधे त्सूक नावाचं शहरच आहे, जाळं ओढून मासे धरायच्या हक्कावरून ते नाव पडलं. हे सांगताना मॅडमनी फळ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, काढली, दोन्हीकडे दोर धरलेली माणसं, दोरावर लिहिलं त्सीएन आणि जाळ्यात एकेक अर्थ. बागा गावातली एक मुलगी, घरचे रापणकार, पटकन म्हणाली "आमी रापण ओडटात", आणि मॅडमनी तेही खाली लिहिलं. असं शिकवलेलं विसरायला होतच नाही. आता समोरासमोर खिडक्यांची रूम देताना मी आधीच विचारते, वारा चालेल ना.

कमी एवढीच की बॅचमधे बावीस जण, मागे बसलं तर ऑडिओ नीट ऐकू येत नाही आणि लिसनिंग खरंच कमी घेतात, यात सुधारणा हवीच. तरी मी ए-टू, म्हणजे पुढच्या लेव्हलला नाव घातलंय, फक्त पुढचा बाक मिळावा म्हणून अर्धा तास आधी जाणार.