61,700 रुपयांत मिळालेले जुनेच ब्रेक

मी गेली अठरा वर्षे यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून नोकरी करतो. दिवसभर माझ्या हातात व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची पट्टी) असतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांतील फरकावरून मी पुरवठादारांचा माल परत पाठवतो. अशा माणसाला त्याच्याच गाडीची जुनी ब्रेक डिस्क भोके पाडून, चंदेरी रंग मारून, नवी म्हणून विकली गेली, हे लिहिताना हात अडखळतो. घरात हा विषय निघाला की सौ. काही बोलत नाही आणि ते न बोलणेच जास्त लागते. शहराचे आणि गॅरेजचे नाव वकिलांच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

माझी गाडी 2015 ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, 165/80 आर14 चे (म्हणजे 14 इंची चाकाचे) टायर, आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आई रत्नागिरीला असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे जावे लागते. उतारावर ब्रेकचा पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागला होता आणि वळणावर गाडी एका अंगाला कलत होती. गाडी 92,000 किलोमीटर चाललेली होती, तेव्हा ही हौस नव्हती, गरज होती. हे मुद्दाम सांगतो, कारण आता जो तो मला ‘कशाला पाहिजे होती रेसिंगची थेरं’ असे ऐकवतो.

लाल कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि भोकांच्या डिस्क दाखवणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर पाहून मी त्या गॅरेजमध्ये गेलो. पुढे काय होते ते वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे: गोड बोलणे, ‘साहेब, शेवटचाच सेट उरलाय’, आणि आगाऊ रकमेची घाई. ठरलेला हिशेब असा होता: मोठ्या व्यासाच्या दोन डिस्क आणि पॅड 21,500, गाडी थोडी खाली बसवणारे चार स्प्रिंग 24,000, स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज (ऑइलच्या नळ्या) 7,500, डॉट 5.1 दर्जाचे ब्रेक ऑइल 1,500, मजुरी 6,000 आणि चाकांची अलाइनमेंट 1,200. एकूण 61,700 रुपये. आधी 25,000 मोबाइलवरून पाठवले, नंतर तसेच 20,000, आणि उरलेले 16,700 रोख दिले. ‘पक्के बिल पाहिजे असेल तर जीएसटी वर लागेल’ असे गॅरेजवाल्याने सांगितले आणि मी मुकाट्याने कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले. पैसे पाठवताना तो म्हणाला, ‘साहेब, शेऱ्यात हातउसने लिहा, मला हिशेबाचा त्रास नको.’ मी दोन्ही वेळा ‘हातउसने’ लिहिले. खाते गॅरेजच्या नावाचे नव्हते, त्याच्या मेव्हण्याचे होते, तरीही लिहिले. कोणीही मालाच्या पैशासाठी असा शेरा लिहायला सांगितला, तर तिथूनच गाडी वळवून परत यावे.

ज्या क्षणी मला सगळे कळायला हवे होते, तो क्षण मी रोज रात्री पुन्हा पाहतो. पुढचे उजवे चाक काढलेले होते, डिस्क बसवून झाली होती आणि मी वाकून पाहत होतो. डिस्कच्या मधल्या टोपीवर रंगाखालून तांबूस गंज दिसत होता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की ओतीव लोखंडाला खोक्यातून काढल्याबरोबर हवा लागून गंज येतो. हे खरेच आहे, नव्या डिस्कलासुद्धा एका रात्रीत तांबूस छटा येते, आणि मला ते माहीत असल्यामुळेच मी फसलो. ज्याला काहीच कळत नाही त्याने कदाचित आणखी दोन प्रश्न विचारले असते. परंतु त्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला बोटाला जाणवणारा एक उंचवटा होता. पॅड जिथपर्यंत घासतो तिथपर्यंत धातू झिजतो आणि कडेची पट्टी तशीच उंच राहते, म्हणजे तो उंचवटा हजारो किलोमीटर चालल्याशिवाय तयार होत नाही. माझे बोट त्यावरून फिरले. शिवाय डिस्क जर खरोखर मोठी होती, तर कॅलिपर धरणाऱ्या जुन्याच ब्रॅकेटवर तोच कॅलिपर, फक्त लाल रंगवून, कसा बसला असता? त्यासाठी वेगळे ब्रॅकेट लागते, आणि बहुतेक वेळा 14 इंची चाकही अपुरे पडते. माझ्या पिशवीत व्हर्नियर होता. तो मी बाहेर काढला नाही, कारण समोरच्या माणसाला वाईट वाटेल असे मला वाटले.

जुने भाग परत मागितले तेव्हा ‘भंगारवाला घेऊन गेला’ असे उत्तर मिळाले. काम सुरू होण्याआधीच जुने भाग आपल्या डिकीत टाकायला सांगा.

पुढच्याच आठवड्यात गतिरोधकावरून उतरताना खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. मी विचारले तर ‘स्प्रिंग सेट होत आहेत’ असे उत्तर आले. तिसऱ्या आठवड्यात आई आणि सौ. दोघी गाडीत असताना आंबा घाटाच्या मध्यावर पेडल मऊ पडला, मग जवळजवळ तळाला गेला. पेडल वरचेवर मारत, दुसऱ्या गिअरवर आणून, हँडब्रेक ओढून मी गाडी डोंगराच्या बाजूला उभी केली. मागून एसटी भोंगा वाजवत निघून गेली. चाकांतून जळका वास येत होता. एक भला माणूस बाटलीतले पाणी डिस्कवर ओतायला निघाला, त्याला मी कसाबसा थांबवला (तापलेली डिस्क अशाने तडकते). चाळीस मिनिटांनी पेडल पुन्हा कडक झाला, म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफ झाली होती. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते आणि तसतसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ताज्या डॉट 5.1 ऑइलचा उत्कलनबिंदू 260 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असावा लागतो. माझ्या टाकीतले ऑइल काळपट होते. ते बदललेलेच नव्हते.

अलाइनमेंटच्या दुसऱ्या दुकानात गाडी उचलली तेव्हा बाकीचे उघडे पडले. चाके लोंबकळू लागताच पुढचे स्प्रिंग हाताने फिरू लागले. ते कंपनीचेच स्प्रिंग होते, वरून दीड वेढा ग्राइंडरने कापून लाल रंगवलेले. वेढे कमी केले की स्प्रिंग आखूड होतो आणि कडकही होतो: सहा कार्यरत वेढ्यांतून दीड गेला तर कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो, पण चाक खाली सुटले की तो आपली बैठक सोडतो. तोच तो ‘टक्’ आवाज. डिस्कची भोके आतून हवा खेळवणाऱ्या पट्ट्यांचा विचार न करता पाडलेली होती आणि दोन भोकांच्या मधे केसासारख्या भेगा गेल्या होत्या. ‘स्टील होज’ म्हणजे जुन्याच रबरी नळीवर चढवलेली, बेसिनच्या नळजोडणीला असते तशी जाळी. 7,500 रुपये!

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये डिस्क, पॅड, चार स्प्रिंग, होज आणि निकामी झालेले मागचे दोन शॉकअप यांचे 19,340 आणि मजुरीचे 3,150, असे 22,490 रुपये पुन्हा भरले. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी शांतपणे सांगितले की सुरुवातीलाच ताजे ऑइल, चांगले पॅड आणि उत्तम टायर एवढे केले असते तर माझे काम भागले असते. पुढची चाके ज्या ब्रेकने सहज लॉक होतात (फिरायची थांबून घसरतात), तिथे डिस्क कितीही मोठी बसवली तरी एका थांब्याचे अंतर टायरच ठरवतो. मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णता पेलण्यापुरता. रुंद टायरच हवे होते, तर माझ्याच गाडीच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी 185/65 आर15 टायर देत होती, ज्यांची बाहेरची उंची माझ्या टायरपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने वेगळी आहे.

आता सरकारी दारांविषयी. पोलीस ठाण्यात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवले गेले. तिसऱ्यांदा मी कापलेला स्प्रिंग पिशवीत घालून नेला, तर तो टेबलावर ठेवू नका म्हणाले, आणि माझ्या मोबाइलवरील व्यवहार वाचून विचारले, ‘तुम्ही तर हातउसने दिलेत, मग फसवणूक कसली?’ तक्रार अर्ज घेतला, पोच मात्र मागून मागून चौथ्या फेरीत मिळाली. जुनी वस्तू नवी म्हणून विकणे ही फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेतील कलम 318 कोणासाठी लिहिले आहे, हे मला कोणी सांगितले नाही. परिवहन कार्यालयात तर उलटेच झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि 182अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असे सांगून खिडकीवरील बाईंनी विचारले, ‘गाडी आणली आहे का तपासायला?’ ज्याने स्प्रिंग कापले त्याच्या दुकानात कोणी जाणार नाही, आणि ज्याने पैसे भरले त्याला दंडाचे भय. कायदा मला आधी माहीत असायला हवा होता, हे मान्य आहे. पण मग शहराच्या मुख्य रस्त्यावर त्या कामाचे एवढे मोठे फलक कसे लागतात?

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. गॅरेजवाल्याशी झालेले मोबाइलवरचे सगळे संदेश, कच्च्या चिठ्ठीचे छायाचित्र आणि वर्कशॉपचा लेखी अहवाल जोडला. काढलेले भाग भंगारात देऊ नका, मी दिले नाहीत म्हणूनच वकिलांना काही धरता आले. मागणी 84,190 रुपयांची आहे. प्रतिज्ञापत्रात ‘हातउसने’ या एका शब्दाचा खुलासा करायला सव्वा पान लागले. ते टंकलेखकाला सांगत असताना त्याने मधेच हात थांबवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा टंकायला लागला.